चरा भरून येत नाही

“काका, मागच्या महिन्यात बाबा माझी गाडी घेऊन गेले होते. काचेवर धूळ बसली होती, वायपरच्या टाकीतलं पाणी संपलं होतं. त्यांनी कोरडाच वायपर चालवला. रबर मध्ये फाटलं होतं हे मलाच माहीत नव्हतं, त्यांना कुठून असणार? आता स्टिअरिंगच्या बरोबर समोर धनुष्यासारखा एक लांब चरा पडलाय आणि त्याच्या आजूबाजूला बारीक रेघांचं जाळं. दिवसा विशेष जाणवत नाही, पण रात्री समोरून गाडी आली की तिचा उजेड काचेवर फाकतो. भाऊ म्हणतो टूथपेस्ट घास. मैत्रीण म्हणते रेझिन भरून घे. गॅरेजवाले म्हणतात काच बदला. मी काच पॉलिश करायची पावडर मागवली, ड्रिलला लावायचं पॅडही आलं, पण हात लावायची हिंमत होत नाही. आणि बाबा तेव्हापासून माझी गाडी चालवायचंच टाळतात. काय करू?”

तुझा हात अडला ते फार बरं झालं. पॅड आणि पावडर आहे तशी कपाटात राहू दे. त्यांचा उपयोग कुठे होतो आणि कुठे होत नाही ते पुढे सांगतो. तुला तिघांनी तीन वाटा दाखवल्या. त्यांतली एकच तुझ्या मोठ्या चऱ्याला लागू पडेल असं तुझं पत्र वाचून वाटतं. पण पत्रातून काच दिसत नाही, म्हणून आधी तुलाच काही गोष्टी तपासायला सांगतो. एक सकाळ आणि एक रात्र काढावी लागेल.

सकाळी काच धुवून घे, पण नेहमीसारखी नाही. आधी नुसतं पाणी वरून खाली सोड, भरपूर, आणि कापड लावू नकोस. सुटी धूळ पाण्याबरोबर निघून गेली पाहिजे. मग गाडी धुवायच्या शाम्पूच्या पाण्यात बुडवलेलं मऊ मायक्रोफायबर कापड हलक्या हाताने फिरव आणि पुन्हा पाणी सोड. काच वाळल्यावर नीट बघ. ज्याला आपण चरे समजतो त्यातलं बरंच काही काचेवर चिकटलेलं असतं. जुन्या रबराचा काळपट थर वायपरच्याच वाटेने कमानीसारखा बसतो आणि हुबेहूब ओरखड्यासारखा दिसतो. तो आयसोप्रोपिल अल्कोहोलने निघतो. पाण्यातल्या क्षारांचे पांढुरके ठिपके पांढऱ्या व्हिनेगरमध्ये निम्मं पाणी घालून, कापडाने थोडा वेळ ओलं ठेवलं की सैल होतात. व्हिनेगर रंगावर ओघळू देऊ नकोस, आणि ओघळलंच तर लगेच धुवून टाक.

काच आतूनही पूस. हे बहुतेक लोक विसरतात. उन्हात तापलेल्या डॅशबोर्डच्या प्लॅस्टिकमधून जे सूक्ष्म द्रव्य उडतं त्याचा पातळ तेलकट थर काचेच्या आतल्या बाजूला बसतो. दिवसा तो दिसतही नाही. रात्री मात्र समोरच्या दिव्याचा उजेड तो धुक्यासारखा पसरवतो. तुझ्या त्रासातला काही भाग या थराचा असण्याची दाट शक्यता आहे, आणि तो जायला आयसोप्रोपिल अल्कोहोलने ओलसर केलेलं एक स्वच्छ कापड पुरतं.

एवढं करूनही जे उरेल तो चरा. आता नखाची परीक्षा. चऱ्याच्या दिशेने नाही, त्याला आडवं नख हळूच ओढ. नख न अडखळता सरकलं तर चरा उथळ आहे. नख कुठे अडकलं, बारीकसं ‘टक्’ जाणवलं, तर तो खोल आहे. सबंध कमानीवर चार-पाच ठिकाणी हे करून बघ, कारण फाटलेल्या रबराने केलेला चरा सगळीकडे सारख्या खोलीचा नसतो. धूळ जिथे जास्त होती तिथे तो जास्त रुतलेला असतो. आतल्या बाजूने कागदी चिकटपट्टीचे छोटे तुकडे लावून खोल भाग कुठून कुठपर्यंत आहे त्याची खूण करून ठेव.

मग बोट पाण्यात बुडवून बारीक रेघांच्या जाळ्यावरून फिरव. काही रेघा ओल्या झाल्याबरोबर नाहीशा होतील आणि वाळल्या की परत येतील. याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. काचेचा अपवर्तनांक, म्हणजे तिच्यात शिरताना उजेड किती वळतो याचं माप, 1.52 च्या आसपास असतो, हवेचा जवळजवळ 1 आणि पाण्याचा 1.33. चऱ्याच्या खाचेत हवा असते तेव्हा काच आणि हवा यांच्यातला फरक मोठा, म्हणून खाचेच्या कडांवर उजेड जोरात विखुरतो. खाचेत पाणी शिरलं की फरक कमी होतो, विखुरणं कमी होतं आणि रेघ डोळ्यांना दिसेनाशी होते. ओल्या बोटाने मिटणारी रेघ उथळ असते. पाण्याखालीही जी ठसठशीत दिसत राहते ती खोल.

आता रात्रीची परीक्षा. गाडी अंधाऱ्या, रिकाम्या जागी उभी कर. तुझी सीट रोजच्या उंचीवर ठेव, पट्टा लाव, चालवताना बसतेस तशीच बस. भावाला दुसरी गाडी घेऊन समोरून, बऱ्याच अंतरावरून हळूहळू यायला सांग, दिवे लो बीमवर ठेवून. वायपरचे चरे एक विशिष्ट खोडी करतात. बारीक खाच उजेड स्वतःला काटकोनात फेकते, त्यामुळे दिव्यातून चऱ्याला आडवी अशी उजेडाची शेपटी निघते. ती शेपटी किती लांब आहे, रस्त्याच्या कोणत्या भागावर येते, तिच्या आड उभा माणूस दिसतो का, हे बघ. भाऊ गाडीतून उतरून रस्त्याच्या कडेला, दिव्याशेजारी उभा राहिला तर लगेच कळेल. मग हेच बाबांना करायला लाव. त्यांची उंची वेगळी, सीट वेगळी, म्हणून तुझ्या डोळ्यासमोर येणारा चरा त्यांच्या नजरेत दुसरीकडे पडेल. शिवाय वय वाढतं तसा डोळ्याच्या आतच उजेड जास्त विखुरतो. तुला चालून जाणारी चकाकी त्यांना आंधळं करू शकते. गाडी दोघांची असेल तर निर्णय जास्त अडचण होणाऱ्या डोळ्यांवरून घ्यायचा.

हे सगळं मी एवढं लांबण लावून सांगतोय कारण चऱ्याबद्दल विचारणारे बहुतेक जण ‘तो जाईल का’ एवढंच विचारतात. मला त्यापेक्षा तो कुठे आहे हे महत्त्वाचं वाटतं. डावीकडच्या कोपऱ्यात, आरशाच्या वर किंवा बॉनेटच्या जवळ असलेला चरा वर्षानुवर्षं राहिला तरी बिघडत नाही. ड्रायव्हरच्या समोर, वायपर जिथे पुसतो त्या पट्ट्यात असलेला चरा रोज रात्री तुझ्या आणि रस्त्याच्या मध्ये येतो.

आता तिघांच्या सल्ल्यांकडे वळतो. त्यासाठी काच म्हणजे काय ते थोडं सांगायला हवं.

गाडीच्या रंगावर ओरखडा पडतो तेव्हा रंगाच्या वर पारदर्शक लेप असतो, खाली रंग, त्याखाली प्रायमर. काही ना काही भरता येतं. काचेच्या तक्त्याला असे थर नाहीत. वरपासून खालपर्यंत एकच पदार्थ. त्यातला एक बारीक पट्टा खरवडून निघाला की तो गेला, परत येत नाही. म्हणून काचेवरचा चरा घालवण्याचा मार्ग एकच उरतो: त्याच्या भोवतालची सगळी काच घासून चऱ्याच्या तळापर्यंत खाली आणायची. चरा खोल असेल तितकी जास्त काच काढावी लागणार. पॉलिशच्या सगळ्या जाहिराती, सगळी किट आणि सगळे घरगुती उपाय या एका गोष्टीवर तपासून बघ, खरंखोटं लगेच वेगळं होतं.

टूथपेस्ट त्यात टिकत नाही. तिच्यातले घासणारे कण दातांसाठी मुद्दाम सौम्य ठेवलेले असतात. त्यांनी काचेवरचा मळ निघतो, डाग निघतात, काच चकचकीत दिसते आणि माणसाला वाटतं चरा फिका झाला. चऱ्याच्या तळापर्यंत काच उतरवणं तिला जमणारं नाही. बेकिंग सोड्याचंही तेच. भावाने सुचवलंय ते नुकसान करणारं नाही, पण त्यात तुझा वेळ जाईल. नखांना लावायचं पारदर्शक पॉलिश चऱ्यात भरायला सांगणारेही भेटतील. ते मात्र करू नकोस. ते खाचेच्या बाहेर पसरून फुगीर रेघ तयार करतं, आणि रात्री ती मूळ चऱ्यापेक्षा वाईट चमकते.

मैत्रिणीने सांगितलेलं रेझिन, म्हणजे घट्ट होणारा पारदर्शक चिकट द्रव, खरंच कामाची वस्तू आहे, पण वेगळ्या दुखण्यासाठी. दगड उडून काचेला टवका पडतो, आत ताऱ्यासारख्या भेगा जातात, तेव्हा काचेच्या पोटात बंद पोकळी तयार होते. त्या पोकळीतली हवा ओढून काढतात, तिथे काचेच्या जवळचा अपवर्तनांक असलेलं रेझिन दाबाने भरतात आणि अतिनील दिव्याखाली ते घट्ट करतात. भेग पुढे जायची थांबते आणि डागही बराच मिटतो. पाण्याने रेघ मिटते तेच तत्त्व, फक्त कायमचं. चरा म्हणजे उघडी, उथळ चर. तिच्यात रेझिनला धरून राहायला जागाच नसते. वायपर रोज त्यावरून जाणार, ऊन पडणार, आणि ते कडेकडेने सुटत जाणार. टवका पडला तर रेझिन, आणि तेही लवकर, टवक्यात धूळ-पाणी शिरायच्या आत. चऱ्यावर त्यासाठी खर्च करू नकोस.

उरली तुझी पावडर. ती बहुधा सीरियम ऑक्साइडची असेल, फिकट पिवळसर किंवा गुलाबीसर. ही थोतांड नाही. चष्म्याची काचेची भिंगं आणि दुर्बिणीचे आरसे याच द्रव्याने घासून चकाकवतात. तिची खुबी अशी की ती काचेला नुसती ओरबाडत नाही. पाण्याच्या सोबतीने काचेच्या पृष्ठभागाशी रासायनिक बंध जोडते आणि अतिशय पातळ थर सोलून नेते. म्हणून पाण्याशिवाय ती काम करत नाही, आणि म्हणूनच ती फार हळू काम करते. नखाला न लागणाऱ्या रेघांवर तिचा उपयोग होतो. नख अडकणाऱ्या चऱ्यावर ती चालवायची तर तासन्‌तास एकाच जागी घासावं लागतं, आणि खरी अडचण तिथेच सुरू होते.

पूर्वी सपाट, पारदर्शक काच हवी असली की ओतलेला तक्ता दोन्ही बाजूंनी घासून चकाकवावा लागे. 1959 साली ब्रिटिश अभियंते अ‍ॅलिस्टर पिल्किंग्टन यांची फ्लोट पद्धत जाहीर झाली. वितळलेली काच वितळलेल्या कथिलावर तरंगत पुढे सरकते आणि आपोआप दोन्ही बाजूंनी सपाट, एकमेकींना समांतर होते. आजच्या गाड्यांच्या काचा अशाच तक्त्यांना बाक देऊन बनतात. दोन पृष्ठभाग समांतर आहेत म्हणूनच काचेतून दिसणारा रस्ता जिथे असतो तिथेच दिसतो. हातातल्या ड्रिलने एका जागी खोलवर घासलं की तिथे उथळ वाटी तयार होते. डोळ्याला ती वाटी दिसत नाही, पण तिचं भिंग झालेलं असतं.

हे मी स्वतः केलंय म्हणून इतक्या कळकळीने सांगतो. माझ्या आधीच्या गाडीच्या काचेवर, बरोबर नजरेच्या रेषेत, कापडात सापडलेल्या खड्याने चरा पडला होता. नख लागत होतं. मी सुट्टीच्या दिवशी दीड-दोन तास त्या एका जागेवर पॅड चालवलं. चरा गेला. दुपारच्या उन्हात काच आरशासारखी लखलखीत होती आणि मला फार समाधान वाटलं. त्याच रात्री समोरून दुचाकी आली. तिचा दिवा त्या जागेवरून सरकताना आधी ताणला गेला, मग एकदम आखडला, आणि क्षणभर मला ती किती लांब आहे हेच कळलं नाही. मी गाडी कडेला घेतली आणि बराच वेळ तिथे बसून राहिलो. चरा असताना मला दिसायला त्रास होत होता, पण जे दिसत होतं ते खरं होतं. त्यानंतर काच बदलावीच लागली. ज्या चऱ्यासाठी मी ती वाचवायला निघालो होतो तो राहिला असता तरी चाललं असतं, असं मला त्या रात्री वाटलं आणि अजूनही वाटतं.

तेव्हा तुझ्या बाबतीत माझं मत असं. नजरेसमोरच्या कमानीवर नख अडकत असेल, ओल्या बोटाने ती मिटत नसेल आणि रात्री तिची शेपटी रस्त्यावर येत असेल, तर गॅरेजवाल्यांचं ऐक आणि काच बदल. या तिन्हींतली एखादीच गोष्ट असेल, म्हणजे चरा खोल आहे पण शेपटी रस्त्याच्या वर आकाशात जाते, तर घाई नाही. काच आतून-बाहेरून स्वच्छ ठेवून तू काही काळ सहज काढू शकतेस. आणि ‘खोल चरा पडलाय म्हणजे काच फुटेल’ या भीतीने मात्र बदलू नकोस. समोरची काच दोन तक्त्यांची असते, बाहेरचा तक्ता साधारण दोन मिलीमीटरचा, आणि मध्ये पॉलिव्हिनाइल ब्यूटिरलचा सुमारे पाऊण मिलीमीटरचा चिवट पडदा. वायपरचा चरा बाहेरच्या तक्त्याच्या पृष्ठभागावरच थांबतो. तक्ता फुटला तरी तुकडे पडद्याला धरून राहतात. तुझा प्रश्न दिसण्याचा आहे.

कमान उथळ निघाली, किंवा काच बदलायची नाही असं ठरलं आणि नजरेच्या बाहेरचं बारीक जाळं तेवढं कमी करायचं असेल, तर पावडर काढ. पण एका अटीवर. आरशामागे कॅमेरा असेल, गाडी लेन ओळखत असेल किंवा आपोआप ब्रेक लावत असेल, तर त्या कॅमेऱ्यासमोरच्या काचेला पॅड लावायचं नाही. तो कॅमेरा त्या काचेतूनच अंतर मोजतो. काचेवर वेगाचे आकडे दिसण्याची सोय असेल तर तो भागही सोड, तिथे आकडे दुहेरी दिसू लागतील. किटमध्ये काच घासायच्या खरखरीत चकत्या आल्या असतील तर त्या बाजूला काढ. त्या आधी काच दुधाळ करतात आणि मग ती पुन्हा पारदर्शक करायची जबाबदारी तुझ्यावर येते. सरावाच्या हाताखेरीज ते काम कोणी करू नये.

काम सावलीत, काच गार असताना करायचं. रंग, रबर आणि काचेखालची प्लॅस्टिकची जाळी कागद आणि चिकटपट्टीने झाकून घे, कारण हा लगदा वाळला की फटीफटींतून पांढरा होऊन बसतो आणि निघता निघत नाही. पावडर पाण्यात कालवून पातळ रंगाइतकी दाट कर, तोंडाला मास्क लाव. पॅड आधी भिजवून घे. ड्रिलचा वेग कमीत कमी ठेव, पॅड काचेवर पूर्ण टेकलेलं असू दे, कडेवर उभं करू नकोस. रेघांच्या नेमकं वर घासायचा मोह होतो. तो आवर. रेघांच्या चौफेर हातभर जागा धरून आडवं-उभं, सतत सरकतं फिरव, म्हणजे वाटी होणार नाही. दर अर्ध्या-पाऊण मिनिटाने पाणी फवार. लगदा वाळू लागला, पॅड काचेला धरू लागलं की थांब. हाताची मागची बाजू काचेला लावून बघ: कोमट चालेल, चटका बसत असेल तर ती आपोआप निवेपर्यंत काही करू नकोस, गार पाणी तर मुळीच ओतू नकोस. काच उष्णता पसरवत नाही, एकाच जागी तापते आणि तडकते.

पाच-दहा मिनिटांनी धुवून, पुसून, दोन गोष्टी बघायच्या. रेघा कमी झाल्या का, आणि वाटी होतेय का. दुसरीसाठी ड्रायव्हरच्या सीटवर बसून लांबचा एखादा खांब किंवा खिडकीची कड त्या जागेतून बघ आणि डोकं हळूहळू डावी-उजवीकडे हलव. सरळ कड कुठे लवली, थरथरली, तर त्याच क्षणी थांबायचं. रेघा किती राहिल्या याचा विचारही करू नकोस. अर्धवट राहिलेल्या रेघा चालतात. घासून झाल्यावर पावसाचं पाणी घरंगळावं म्हणून लावलेला लेप असला तर तो गेलेला असेल, तो नव्याने लावावा लागेल.

हाच उद्योग दारांच्या आणि मागच्या काचांवर करू नकोस. त्या बहुतेक गाड्यांत टफन केलेल्या, म्हणजे तापवून झटकन गार केलेल्या असतात, त्यांच्या पृष्ठभागात मुद्दाम दाब कोंडलेला असतो आणि त्यांची ताकद त्या वरच्या थरातच असते. हलकं चकाकवणं त्या सोसतात, खोल घासणं आणि तापवणं नाही.

काच बदलायची ठरली तर बदलणाऱ्याला चार गोष्टी विचार. नवीन काच तुझ्या गाडीच्या नेमक्या प्रकाराची आहे का: पावसाचा सेन्सर, कॅमेरा, आवाज कमी करणारा पडदा, जे जुन्या काचेत होतं ते सगळं नव्या काचेत हवं. कॅमेरा असेल तर काच बसवल्यावर त्याचं कॅलिब्रेशन, म्हणजे नव्या काचेप्रमाणे त्याची जुळवणी, कोण करणार, कधी करणार? काच कोणत्या गोंदाने चिकटवणार आणि किती वेळाने गाडी रस्त्यावर न्यायची? हा शेवटचा प्रश्न सोडू नकोस. समोरची काच छताला आधार देते, आणि शेजारच्या सीटची एअरबॅग फुगताना बऱ्याच गाड्यांत काचेचा टेकू घेते. गोंद पुरता धरायच्या आत गाडी हलवली तर तो आधारच नसतो. हा गोंद हवेतल्या दमटपणावर घट्ट होतो, म्हणून त्याला लागणारा वेळ गोंदाप्रमाणे आणि हवेप्रमाणे बदलतो. ते जो वेळ सांगतील तो पाळ, त्यानंतरचा एखादा दिवस खिडकी जराशी उघडी ठेव आणि दार आपटू नकोस, कारण बंद गाडीत आपटलेल्या दाराचा दाब ओल्या गोंदावर येतो.

नवी काच बसेल त्याच दिवशी वायपरची रबरंही नवी घाल. जुनी रबरं नव्या काचेवर एकदाही फिरवू नकोस. ऊन आणि हवा रबराला कडक करतात, कड चिरते, आणि एरवीही सहा महिने ते वर्षभरात ती बदलावीच लागतात. अधूनमधून वायपर उचलून ओल्या कापडाने कड पुसायची. कापडावर काळी रेघ येईल, तिच्यात वाळू असते. रबर काचेला ओरखडत नाही. रबर आणि काच यांच्या मध्ये सापडलेला वाळूचा कण ओरखडतो. खनिजांच्या कठीणपणाच्या मोजपट्टीवर काच साडेपाचच्या आसपास येते आणि वाळूतला क्वार्ट्झ सातवर, इतका साधा हिशेब आहे. उभ्या गाडीत वायपरच्या पात्याखाली धूळ साठते, म्हणून पहिला फेरा सगळ्यात वाईट. आधी पाणी, मग वायपर. आणि पातं काढून नवं घालताना मोकळा दांडा उभा राहिला तर काचेवर घडी घातलेला जाड टॉवेल ठेव. तो दांडा स्प्रिंगने आपटला की कोरी काच तिथल्या तिथे फुटते.

आता बाबांविषयी. तू दोष दिला नाहीस हे तुझ्या पत्रातून दिसतं, पण ते गाडी टाळतात म्हणजे त्यांनी तो स्वतःच घेतलाय. धुळीने भरलेल्या काचेतून गाडी चालवण्यापेक्षा ती पुसावी, हे त्यांना वाटलं ते बरोबरच होतं. टाकीत पाणी नव्हतं आणि रबर फाटलं होतं, या दोन्ही गोष्टी त्यांच्या हातात नव्हत्या. ‘जाऊ दे बाबा, काच काय, येते नवी’ असं म्हणून त्यांचं मन हलकं होणार नाही, माझा तरी तसा अनुभव आहे. त्यांना काहीतरी करायला दे. रात्रीच्या परीक्षेला ड्रायव्हरच्या सीटवर त्यांना बसव आणि त्यांना काय दिसतं ते खरंच विचार, कारण त्यांच्या डोळ्यांचं उत्तर तुला निर्णयासाठी हवंच आहे. काच बसवायला जाशील तेव्हा त्यांना बरोबर ने, कॅलिब्रेशनचा प्रश्न त्यांना विचारू दे. परत आल्यावर टाकीत पाणी त्यांच्या हातून भरून घे, आणि पहिली फेरी त्यांनाच चालवू दे, दिवसाउजेडी, तू शेजारच्या सीटवर.

परीक्षेत काय निघालं ते मला कळव. कमान उथळ निघाली आणि पावडर वापरायचं ठरलं, तर सुरू करण्याआधी कळव.